तंत्रज्ञानाच्या बातमीवर रोज टिप्पणी लिहिताना तिची पायरी कशी ओळखावी

आपण फोंड्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि परिसरातील छोट्या व्यावसायिकांसाठी रोज सकाळी तंत्रज्ञान व इंटरनेट उद्योगातील पाच-सहा बातम्यांचे दुवे निवडता आणि प्रत्येकाखाली दोन-तीन ओळींची मराठी टिप्पणी लिहिता. जुनी टिपणे चाळताना आपल्या लक्षात आले की त्यांतील बऱ्याच गोष्टी घडल्याच नाहीत, आणि ज्या घडल्या त्या सांगितल्यापेक्षा निराळ्या घडल्या. म्हणून बातमी निवडावी कशी आणि टिप्पणीत लिहावे काय, असे आपण विचारले आहे. पणजीत संगणकांच्या जाळ्यांची देखभाल करण्यात आणि पुढे येथील उद्योजकांसाठी अशीच रोजची टिपणे तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

माझ्या मते अडचण निवडीत कमी आणि बातमीची पायरी न ओळखण्यात जास्त आहे. कोणीतरी काही बोलले, ही पहिली पायरी. त्याचा मसुदा किंवा प्रस्ताव आला, ही दुसरी. आदेश, निकाल किंवा अधिसूचना निघाली, ही तिसरी. ती प्रत्यक्ष लागू झाली, ही चौथी. आणि लोकांच्या हातातील फोनवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर तिचा परिणाम दिसला, ही पाचवी. मथळ्यात मात्र या पाचही पायऱ्यांना बहुधा एकच क्रियापद मिळते. टिप्पणी लिहिणाऱ्याचे पहिले काम म्हणजे बातमी यांपैकी कोणत्या पायरीवर उभी आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगणे. हुशारीची मते त्यानंतर मांडता येतात, आणि पुष्कळदा मग त्यांची गरजही उरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण क्रोम ब्राउझरमधील त्रयस्थ कुकीजचे (आपण उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतर कंपन्या, मुख्यतः जाहिरातदार, आपला माग काढण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींचे) आहे. जानेवारी 2020 मध्ये गूगलने जाहीर केले की या कुकीज दोन वर्षांत बंद करण्यात येतील. जून 2021 मध्ये ही मुदत 2023 पर्यंत पुढे ढकलली गेली, जुलै 2022 मध्ये 2024 पर्यंत, आणि एप्रिल 2024 मध्ये 2025 च्या आरंभापर्यंत. जुलै 2024 मध्ये कंपनीने सांगितले की कुकीज सरसकट बंद न करता निवड वापरकर्त्यांवर सोपवली जाईल, आणि एप्रिल 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा प्रश्नही विचारला जाणार नाही, असे स्पष्ट केले. या पाच वर्षांत ‘कुकीजचा अंत’ अशा अर्थाचे मथळे किती वेळा छापले गेले असतील, याची कल्पना करावी. जाहिरात क्षेत्रातील अनेकांनी त्या भरवशावर पैसा आणि मनुष्यबळ खर्च केले. ज्या टिप्पणीकाराने प्रत्येक वेळी ‘ही कंपनीने स्वतःहून ठरवलेली मुदत आहे, ती पाळण्याचे कायदेशीर बंधन नाही, आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचे या योजनेवर लक्ष आहे’ एवढे एक वाक्य लिहिले असेल, त्याला एकही टिपण मागे घ्यावे लागले नसेल.

हाच प्रकार आपल्या देशात यूपीआयच्या बाबतीत दिसतो. कोणत्याही एका त्रयस्थ ॲपकडे एकूण व्यवहारांच्या 30 टक्क्यांपेक्षा अधिक वाटा असू नये, असे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआयने) नोव्हेंबर 2020 मध्ये ठरवले. मर्यादा ओलांडलेल्या ॲपना दिलेली मुदत आधी 2022 च्या अखेरीपर्यंत होती, ती 2024 च्या अखेरीपर्यंत वाढली आणि नंतर 2026 च्या अखेरीपर्यंत. दरम्यान फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच बहुतांश व्यवहार राहिले. म्हापशाच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईच्या क्यूआर फलकावर या नियमाने अद्याप काडीचाही फरक पडलेला नाही. नियम तिसऱ्या पायरीवर आला आणि तिथेच बसून राहिला, असे आपल्या टिप्पणीत स्पष्ट यायला हवे.

गोव्यातील बातम्यांच्या बाबतीत ही शिस्त अधिकच आवश्यक ठरते, कारण येथे पहिल्या दोन पायऱ्यांवर फार गजबज असते. जानेवारी 2026 मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी सांगितले की सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवण्याच्या ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा अभ्यास केला जात आहे. दुसऱ्या दिवशी ‘गोव्यात मुलांना बंदी’ इथपर्यंत बोलणे पोहोचले. या एका बातमीवर टिप्पणी कशी लिहावी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पद्धत समजण्यास ती उपयोगी आहे.

प्रथम मूळ पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने हा कायदा नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस संमत केला आणि तो 10 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. म्हणजे तिसऱ्या पायरीवरून चौथीवर येण्यास त्यांनाही वर्ष लागले. त्यात दंडाची तरतूद कंपन्यांसाठी आहे, तीही 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा पालकाला शिक्षा नाही. त्यानंतर आपल्याकडे हा अधिकार कोणाचा, ते पाहावे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत नोंद 31 अन्वये टपाल, दूरध्वनी, बिनतारी, प्रसारण आणि तत्सम संपर्कसाधने हा केंद्राचा विषय आहे, आणि समाजमाध्यम कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 हाही केंद्राचाच कायदा आहे. त्यामुळे राज्य सरकार शाळांच्या आवारात फोनवर निर्बंध घालू शकते, परंतु इन्स्टाग्रामने वय कसे तपासावे, हे पर्वरीच्या सचिवालयातून ठरवणे कायद्याच्या दृष्टीने कितपत टिकेल, याविषयी शंका घेण्यास पुरेसा आधार आहे. शेवटी याच विषयावर जे आधीच ठरलेले आहे, त्याची आठवण करून द्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, 2023 अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्ती ही बालक मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागणार आहे. गोव्यातील पालकांना उद्या नेमके काय बदलणार, याचे खरे उत्तर मंत्र्यांच्या विधानापेक्षा या तरतुदीत अधिक आहे. आणि ती मात्र कोणाच्या बोलण्यात नव्हती.

टॅक्सी ॲपचा विषय तर आपल्या वाचकांच्या रोजच्या जगण्यातला आहे. राज्य सरकारने ॲपआधारित टॅक्सी सेवांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा मे 2025 मध्ये प्रसिद्ध केला, टॅक्सी व्यावसायिकांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि जुलैत सरकारने तो मागे घेतला. ‘गोव्यात ॲप टॅक्सी येणार’ हा मथळा त्या दोन महिन्यांत मोपा आणि दाबोळी विमानतळांवर उतरणाऱ्या पर्यटकांपासून कळंगुटच्या टॅक्सीचालकांपर्यंत सर्वांनी वाचला होता. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, त्यासाठी मुदत असते, आणि ज्या राज्यात चाळीस आमदारांपैकी बऱ्याच जणांच्या मतदारसंघात टॅक्सीचालकांची मते निर्णायक आहेत, तेथे मसुदा आणि अंतिम नियम यांच्यात मोठे अंतर असते, हे लिहिण्यासाठी भविष्य सांगता यावे लागत नाही.

पायऱ्या नेहमी क्रमानेच चढल्या जातात, असे मात्र समजू नये. कधी कधी परिणाम आधी येतो आणि अंमल मागून. केंद्राच्या संगणक सुरक्षा संस्थेने, म्हणजे सर्ट-इनने, 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले की सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी आणि व्हीपीएन (वापरकर्त्याची ओळख झाकून इंटरनेट वापरू देणाऱ्या) सेवांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी. व्हीपीएन सेवांसाठी ते निर्देश 25 सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलले गेले. परंतु एक्सप्रेसव्हीपीएनने जूनमध्येच भारतातील सर्व्हर काढून घेतल्याचे जाहीर केले, आणि इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारे विधेयक ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत संमत झाले, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि नियम येण्याची वाट न पाहता ड्रीम इलेव्हनसह अनेक कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. जेथे बँका आणि देयक कंपन्यांना पैसे पोहोचवण्यास मनाई होणार असते, तेथे धंदा कायदा लागू होण्यापूर्वीच गुंडाळला जातो. (या बातमीवर मला त्या आठवड्यात सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न मांडवीतील कॅसिनो बंद होणार का, हा होता. त्या जहाजांवरील खेळांना गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, 1976 चा आधार आहे. ऑनलाइन खेळांचा कायदा हा त्याहून वेगळा विषय आहे. परगावच्या संकेतस्थळावर हे वाक्य कोणी लिहिणार नाही. ते आपणच लिहायला हवे.)

न्यायालयीन बातम्यांत एका पक्षाची मागणी आणि न्यायालयाचा आदेश यांची गल्लत सर्वाधिक होते. गूगलविरुद्ध अमेरिकी न्याय विभागाने ऑक्टोबर 2020 मध्ये दावा दाखल केला आणि 5 ऑगस्ट 2024 रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेत गूगलची बेकायदेशीर मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारी वकिलांनी क्रोम विकायला लावण्याची मागणी केली, तेव्हा ‘गूगलला क्रोम विकावे लागणार’ असे सर्वत्र छापून आले. परप्लेक्सिटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने तर ते 34.5 अब्ज डॉलरला विकत घेण्याची तयारीही दाखवली. 2 सप्टेंबर 2025 च्या आदेशात क्रोम गूगलकडेच राहिले. एकाधिकाराचे करार करण्यास मनाई झाली आणि काही विदा स्पर्धकांना देण्याचे बंधन आले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणाच्या प्रकरणात 213.14 कोटी रुपयांचा दंड केला, त्यावर अपील झाले, आणि अपिलीय न्यायाधिकरणाने वर्षभराने दंड कायम ठेवून विदा वाटण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र उठवली. दंडाच्या बातमीखाली ‘अपील शक्य आहे’ हे शब्द यांत्रिकपणे न लिहिता, अपील कोठे होईल आणि तोपर्यंत दंड भरावा लागेल की नाही, ते लिहावे.

आकड्यांचे काय करावे, हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यावर मी आपला अधिक वेळ घेणार आहे. जानेवारी 2025 मध्ये डीपसीक या चिनी कंपनीचे आर-वन हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप (मॉडेल) आले आणि ‘अवघ्या 56 लाख डॉलरमध्ये तयार झालेले’ असे त्याचे वर्णन जगभर झाले. 27 जानेवारीला अशा प्रारूपांसाठी लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे 600 अब्ज डॉलरने घसरले. हा आकडा आला कोठून? कंपनीने डिसेंबर 2024 मध्ये व्ही-थ्री या आधीच्या प्रारूपाचा तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात प्रशिक्षणाला 27.88 लाख जीपीयू-तास (एक जीपीयू चिप एक तास चालली की एक जीपीयू-तास) लागले, असे म्हटले होते. एका तासाचे भाडे दोन डॉलर गृहीत धरून त्याचे 55.76 लाख डॉलर होतात, असा हिशोब मांडला होता. आणि या रकमेत आधीचे संशोधन व प्रयोग यांचा खर्च धरलेला नाही, असेही स्वच्छ लिहिले होते. म्हणजे आकडा खरा होता, परंतु तो दुसऱ्या प्रारूपाचा होता, भाड्याचा दर गृहीत धरलेला होता, आणि यंत्रे विकत घेण्याचा, पगारांचा व फसलेल्या प्रयोगांचा खर्च त्यात नव्हता. कंपनीने काहीही लपवले नव्हते. अहवालातील एक परिच्छेद वाचण्यास लागणारी पाच मिनिटे बहुतेकांनी खर्च केली नाहीत, इतकेच.

त्यामुळे आकडा दिसताच मी तीन प्रश्न विचारतो: तो कोणी मोजला, त्यात काय धरलेले नाही, आणि तो कोठे लिहिलेला आहे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. शेअर बाजारात नोंदलेली अमेरिकी कंपनी प्रसिद्धीपत्रकात जे लिहिते आणि रोखे नियामकाकडे जे दाखल करते, त्यांतील भाषेत फरक असतो, कारण दुसऱ्या ठिकाणी चुकीच्या विधानाची कायदेशीर जबाबदारी अधिक कडक असते. एखादी गोष्ट प्रसिद्धीपत्रकात आहे आणि दाखल केलेल्या निवेदनात नाही, तर तीच आपली टिप्पणी. राज्यांतील गुंतवणूक परिषदांमध्ये जाहीर होणाऱ्या सामंजस्य करारांच्या रकमांनाही हेच लागू आहे: सामंजस्य करार ही फार तर दुसरी पायरी होय.

सेवा बंद पडल्याच्या बातम्यांची रीत निराळी. तेथे पहिल्या दोन तासांत कारण लिहूच नये. काय बंद आहे आणि कोणावर परिणाम होत आहे, एवढेच लिहावे. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते आणि सायबर हल्ल्याच्या वावड्या उठल्या होत्या. प्रत्यक्षात देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, त्यापाठोपाठ तिच्या नामसर्व्हरांचे (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या संगणकांचे) पत्ते इंटरनेटच्या मार्गनकाशावरून पुसले गेले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची घटना तर गोव्याच्या घड्याळाप्रमाणे भर सकाळी घडली. शुक्रवारी, 19 जुलै 2024 रोजी 9 वाजून 39 मिनिटांनी सदोष अद्ययावत फाइल पाठवली गेली आणि 10 वाजून 57 मिनिटांनी ती मागे घेतली गेली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते आणि त्यांतील बहुतेकांपाशी माणसाने स्वतः जाऊन ते दुरुस्त करणे भाग होते. देशातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी ‘मायक्रोसॉफ्ट ठप्प’ असे छापले गेले. आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेत अमेरिकेतील एका विभागात वेगळाच बिघाड झाला होता आणि दोन्ही घटना एकत्र कालवल्या गेल्या. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या संगणक विभागाला त्या सकाळी हवी असलेली माहिती एवढीच होती की आपल्या यंत्रांवर क्राउडस्ट्राइक आहे की नाही, कारण ते नसेल तर घाबरण्याचे कारण नव्हते.

समुद्राखालील तारांच्या बातम्या याच वर्गातल्या आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रातील तारा तुटल्या तेव्हा भारतातून युरोपकडे जाणारी काही वाहतूक मंदावली. त्या आठवड्यात ज्याचे ज्याचे इंटरनेट अडखळले, त्याने त्याचा दोष लाल समुद्राला दिला. आंतरराष्ट्रीय तारा मुंबई, चेन्नई, कोची अशा ठिकाणी किनाऱ्याला लागतात आणि तेथून गोव्यापर्यंत येणारी वाहतूक जमिनीखालच्या तारांनी येते. पणजीत रस्ते खणले जात होते त्या काळात इंटरनेट खंडित होण्याच्या आम्हाला छळणाऱ्या बहुतेक प्रसंगांचे मूळ जेद्दाहपेक्षा बरेच जवळ, कुदळीच्या टोकाशी होते. परदेशी संकेतस्थळ तेवढे उघडत नसेल तर समुद्र, आणि सगळेच बंद असेल तर रस्ता, असा ढोबळ निकष वाचकाला दिला तरी पुष्कळ झाले.

आता निवडीविषयी थोडेसे. आपल्या वाचकांत लॉज आणि होमस्टे चालवणारे आहेत, औषधनिर्मिती कारखान्यांत नोकरी करणारे आहेत, फार्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे आहेत. नव्या फोनच्या अनावरणाला जागा देऊ नये, ती बातमी त्यांना आपल्याशिवायही कळते. त्याऐवजी विदा संरक्षणाच्या नियमांना द्यावी. हणजुणे किंवा पाळोळ्याचा होमस्टेवाला पाहुण्याच्या आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो आणि तो फोनमध्ये कायमचा पडून राहतो. नियमांचा मुख्य भाग लागू झाल्यावर ही सवय त्याला महागात पडू शकते, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही. परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवण्याचे बंधन मात्र कायम आहे, त्यामुळे ‘काहीच ठेवू नका’ असा सोपा सल्लाही देता येत नाही. अशा बातमीवर दोन ओळींऐवजी दहा लिहाव्यात आणि उरलेल्या दुव्यांपैकी दोन गाळावेत. रोज सहा दुवे दिलेच पाहिजेत, असा कोणाचा आग्रह नाही.

वेळेचे गणितही लक्षात घ्यावे. कॅलिफोर्नियाची सकाळ म्हणजे आपली रात्र. ऋतूनुसार अंतर साडेबारा किंवा साडेतेरा तासांचे असते. मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करते, त्या आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा पोहोचतात, तेव्हा बुधवारच्या सकाळच्या टिपणात त्यांना पहिली जागा हवी. अमेरिकेतील मोठ्या घोषणेवरील पहिली टिप्पणी मी सहसा त्याच सकाळी लिहीत नाही. एक दिवस थांबल्याने वाचकाचे काही बिघडत नाही आणि तोवर मूळ दस्तऐवज वाचून होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सारांश काढून घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. काढावा, पण पायरी तिला ठरवू देऊ नये. ‘प्रस्तावित’, ‘विचाराधीन’, ‘अंतरिम’ हे शब्द लांब मजकुराचा सारांश करताना सर्वांत आधी गळतात, आणि आपल्या कामात तेच शब्द सर्वांत मोलाचे आहेत. सारांशात ही विशेषणे उरली आहेत का, एवढे मूळ मजकुराशी ताडून पाहावे.

एक वही किंवा साधी तक्ता-फाइल मात्र अवश्य ठेवावी, ज्यात बातमी कोणत्या पायरीवर होती आणि पुढची पायरी कोणत्या तारखेला अपेक्षित आहे, ते लिहिलेले असेल. विदा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती 11 ऑगस्ट 2023 रोजी मिळाली, नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. यूपीआयच्या 30 टक्क्यांच्या मर्यादेची मुदत 31 डिसेंबर 2026 अशी आहे. या दोन तारखा आजच नोंदवाव्यात, आणि प्रत्येकीच्या महिनाभर आधी जुन्या टिपणाचा दुवा देऊन नवे टिपण लिहावे. त्या वेळी मुदत पुन्हा वाढली असेल, तर तीच त्या दिवसाची पहिली बातमी.